इंजिनाच्या भागांतून बाहेर पडायचं का? स्वॉटचा कागद कामाला कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणमधल्या एका मशीनिंग पुरवठादाराकडे क्वालिटीत आठ वर्षं. कंपनीचं बरंचसं काम इंजिनाच्या भागांचं. मोशीत फ्लॅट, हप्ता चालू. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये स्वॉटचा, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचा तक्ता भरून घेतला. बलस्थानं: मेहनती, टीममध्ये मिसळणारा. उणिवा: इंग्रजी, परफेक्शनचा हट्ट. संधी: ईव्ही, एमबीए. धोके: ईव्ही, एआय. आता या तक्त्याचं पुढे करायचं काय?

या तक्त्यातून काही निघणार नाही, तो नव्याने लिहावा लागेल. यात तुमची चूक नाही, कारण ट्रेनिंगमध्ये वीस मिनिटांत भरून घेतलेला तक्ता असाच होतो. मोठमोठ्या कंपन्यांचंही हेच होतं. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या उत्पादन कंपन्यांत केलेले स्वॉट तपासून १९९७ मध्ये लेख लिहिला. याद्या लांबलचक, शब्द मोघम, कशाला किती महत्त्व ते ठरवलेलं नाही, पुरावा तपासलेला नाही, आणि पुढच्या टप्प्यात त्या यादीकडे कोणी वळूनही पाहिलेलं नाही, असं त्यांना आढळलं. वैयक्तिक स्वॉटमध्ये हेच पाचही दोष येतात. पुढचं सगळं ते टाळण्यासाठी आहे.

कागदाच्या वरच्या ओळीत एक निर्णय लिहा. "माझं करिअर" हा निर्णय नाही. तुमच्या बाबतीत तो असा लिहिता येईल: "येत्या १८ महिन्यांत याच कंपनीत वर सरकण्याचा प्रयत्न करावा, की क्वालिटीतच राहून इंजिनावर अवलंबून नसलेल्या कंपनीत जावं?" त्याखाली अटी लिहा. हातात पडणारा पगार किती खाली गेला तरी हप्ता आणि घर चालेल, पुणे सोडायची तयारी आहे का (छत्रपती संभाजीनगर? होसूर?), शिफ्ट चालेल का. मुदत १८ ते २४ महिन्यांची ठेवा. वर्षाच्या आत कौशल्य अंगी बाणत नाही, आणि तीन वर्षांपलीकडचं जे लिहाल तो अंदाज असतो. निर्णय लिहिला की एक फायदा लगेच दिसतो. "टीममध्ये मिसळणारा" ही ओळ दोन्ही पर्यायांत सारखीच लागू पडते, म्हणजे या निर्णयासाठी ती निरुपयोगी, काढून टाका.

आता क्रम. बहुतेक लोक बलस्थानांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ मध्ये याच चार अक्षरांचा क्रम उलटा करून टॉव्स मॅट्रिक्स मांडला, त्यात धोके आणि संधी आधी येतात. वैयक्तिक नियोजनात हा उलटा क्रमच बरोबर, असं माझं ठाम मत आहे. बाहेर कशाला मागणी आहे हे कळल्याशिवाय तुमची कुठली गोष्ट बलस्थान आहे हे ठरवताच येत नाही. सुंदर हस्ताक्षर हा गुण आहे. पुरवठादाराच्या ऑडिटमध्ये त्याला किंमत नाही.

बाहेरच्या बाजूला दोन आठवडे द्या, आणि या बाजूला कंजूषी करू नका. तुमच्या तक्त्यात "ईव्ही" हा एकच शब्द संधीतही आहे आणि धोक्यातही. एकच शब्द दोन्हीकडे आला की समजावं, ओळ अजून फोडलेली नाही. फोडायची ती अशी. विद्युत वाहनं सगळीकडे सारख्या वेगाने येत नाहीत. २०२४-२५ च्या नोंदणीत तीनचाकींमध्ये निम्म्याहून जास्त विद्युत होत्या, दुचाकींत साधारण ६ टक्के, कारमध्ये २ ते ३ टक्के. अवजड डिझेल वाहनं अजून बरीच मागे आहेत, आणि सीएनजी किंवा हायब्रिड गाडीत इंजिन असतंच. त्यामुळे तुमची कंपनी तीनचाकीच्या इंजिनाचे भाग करत असेल तर धोका दारात आहे. ट्रॅक्टरचे किंवा ट्रकचे करत असेल तर तुमच्या १८ महिन्यांत तो कदाचित येणारही नाही. शिवाय हा वेग सरळ रेषेत वाढत नाही. जून २०२३ मध्ये विद्युत दुचाकींवरचं केंद्राचं अनुदान कमी झालं, आणि त्या महिन्याची नोंदणी मे महिन्याच्या निम्म्याहूनही खाली आली. जी कंपनी फक्त या एकाच मागणीवर उभी आहे तिथली नोकरी या अर्थाने तुमच्या आत्ताच्या नोकरीपेक्षा जास्त डळमळीत असू शकते. तेही धोक्याच्या रकान्यात लिहायचं.

तुमच्या कंपनीचं भवितव्य वर्तमानपत्रात शोधू नका. ते तुमच्या नव्या भागांच्या बैठकीत आहे. गेल्या दोन वर्षांत ग्राहकांकडून आलेल्या आरएफक्यू, म्हणजे कोटेशनच्या चौकशा, आठवा किंवा डेव्हलपमेंटवाल्या सहकाऱ्याला विचारा. एकूण किती आल्या, त्यातल्या किती फक्त इंजिनात बसणाऱ्या भागांच्या होत्या, किती ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या आणि किती विद्युत वाहनांच्या? आज आलेली चौकशी तयार भाग म्हणून लाइनवर यायला साधारण वर्ष-दोन वर्षं लागतात. म्हणजे ही यादी तुमच्या नेमक्या मुदतीचंच चित्र दाखवते. दोन वर्षांत इंजिनाबाहेरची एकही चौकशी नसेल तर ती ओळ धोक्यात सगळ्यात वर लिहा. चौकशा येतात पण कंपनी कोटच करत नाही, असं असेल तर ते जास्त गंभीर: मालकांची गुंतवणूक करायची इच्छा नाही, असा त्याचा अर्थ होतो. ही माहिती स्वतःच्या विचारापुरती ठेवायची, कंपनीबाहेर कुणाशी बोलताना आकडे आणि ग्राहकांची नावं तोंडातून जाऊ द्यायची नाहीत.

दुसरं काम जाहिरातींचं. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या २५ ते ३० जाहिराती जमवा: सप्लायर क्वालिटी, नव्या प्रकल्पाची क्वालिटी, बॅटरी पॅक किंवा मोटार करणाऱ्या कंपन्यांची क्वालिटी. चाकण, तळेगाव, रांजणगाव, शेंद्रा, होसूर, जिथे जायची तयारी आहे तिथल्या. एका वहीत प्रत्येक मागणीसमोर काडी मारत जा. पीपॅप (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया), ८डी (तक्रारीचं मूळ कारण शोधून ती मिटवण्याची आठ टप्प्यांची पद्धत), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास), आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे अंतर्गत ऑडिटर, व्हीडीए ६.३ (जर्मन वाहन उद्योगाची प्रक्रिया-ऑडिटची पद्धत), सीएमएम या मापं घेणाऱ्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग, प्लास्टिक किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा अनुभव, इंग्रजीत सादरीकरण, एमबीए. जी गोष्ट एकतृतीयांशाहून जास्त जाहिरातींत आहे ती बाजाराची खरी मागणी. दोन-तीन जाहिरातींतच असलेली सोडून द्या. दहा जाहिरातींवर हे करू नका. एखाद्या कंपनीने चार पदं काढली की तिचीच आवड तुम्हाला बाजाराची वाटू लागते.

तिसरं, ते काम आज करणाऱ्या चार-पाच जणांशी बोला. "स्कोप कसा आहे?" असं विचारलं की "चांगला आहे" एवढंच उत्तर येतं. गेल्या आठवड्यात तुमचा वेळ कशात गेला, तुमच्याकडे नवीन आलेला माणूस कशात कमी पडतो, आणि तुमच्या विभागात शेवटची भरती कधी झाली, हे विचारा.

एवढं झालं की रकान्यांत ओळी टाका, आणि इथे एक चूक हमखास होते. "एमबीए" ही संधी नाही. ती तुम्ही करायची कृती आहे. संधी म्हणजे बाहेर घडणारी, तुम्ही काही केलं नाही तरी खरी राहणारी गोष्ट. कसोटी सोपी आहे: तुम्ही या चित्रातच नसता तरी ती ओळ खरी राहिली असती का? राहिली असती तर ती बाहेरची, संधी किंवा धोका. नसती तर आतली. गृहकर्जाचा हप्ता अनेक जण धोक्यात लिहितात, पण तो तुमचा आहे, म्हणून तो उणिवेत जातो, कारण त्याने तुमची हालचाल आखडते. ९० दिवसांचा नोटीस पीरियडही तसाच: करार तुमचा, म्हणून आतला. "नवी कंपनी ३० दिवसांत रुजू व्हा म्हणते" हे मात्र बाहेरचं. आणि "एआय" एवढाच शब्द धोका होत नाही. त्यामुळे तुमच्या कामातला कुठला तुकडा जाईल? कॅमेऱ्याने होणारी व्हिज्युअल तपासणी, तपासणीचे अहवाल भरणं हे जाईल. लाइन थांबलेली असताना ग्राहकाच्या माणसासमोर उभं राहून मूळ कारण शोधणं इतक्यात जाणार नाही. तेवढंच लिहा.

आता आतली बाजू. प्रत्येक बलस्थानाला तीन चाळण्या लावा: पुरावा आहे का, इतरांपेक्षा सरस आहे का, आणि जाहिरातींच्या वहीत त्याच्यासमोर काड्या आहेत का. तिन्हीतून पार झालं तरच रकान्यात. "मेहनती" पहिल्याच चाळणीत अडकतं. त्याऐवजी: "गेल्या तीन वर्षांत अमुक नव्या भागांचे पीपॅप सुरुवातीपासून मंजुरीपर्यंत स्वतः नेले." पीपॅपमध्ये १८ घटक असतात, त्यातले किती तुम्ही स्वतः तयार करता आणि किती दुसऱ्याकडून आलेले फाइलला लावता, हे प्रामाणिकपणे मोजा. फक्त फाइल लावत असाल तर ते बलस्थान नाही, आणि मुलाखतीत कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं याचा आराखडा) आणि एफएमईए यांची सांगड विचारली की पाच मिनिटांत उघडं पडतं. ८डीचंही तसंच. ग्राहकाने पहिल्या फेरीत किती अहवाल स्वीकारले, किती परत आले, आणि तीच तक्रार सहा महिन्यांत पुन्हा आली का, हे आकडे तुमच्या विभागात असतातच.

उणिवा लिहिताना प्रसंग लिहा. "इंग्रजी कच्चं" यावर काहीच करता येत नाही. "मेल आणि अहवाल नीट लिहितो, परदेशी ग्राहकाचा कॉल सुरू झाला की गप्प बसतो आणि मॅनेजर बोलतात" यावर करता येतं. इतकंच शिकायचंय हे कळलं की वर्षभराचा इंग्रजीचा क्लास लावायची गरज उरत नाही, आठवड्यातून दोनदा स्वतःचाच ८डी अहवाल मोठ्याने इंग्रजीत समजावून सांगायचा सराव पुरतो. "परफेक्शनचा हट्ट" खोडून टाका. ती झाकलेली स्तुती आहे. त्यामागे खरी अडचण असेल, जसं की अहवाल वेळेत न देणं, तर ती लिहा.

आपल्याला न दिसणाऱ्या पण इतरांना दिसणाऱ्या बाजूंसाठी चार जणांना विचारा: आत्ताचे किंवा आधीचे साहेब, लाइनवरचा एखादा जुना ऑपरेटर, ग्राहकाकडचा विश्वासातला माणूस, आणि घरचं कोणी. दोनच प्रश्न: "कुठलं काम माझ्याकडे डोळे झाकून द्याल? कुठलं देताना दोनदा विचार कराल?" "माझ्या उणिवा सांगा" म्हटलं की आपली माणसं संकोचतात. एकाने सांगितलेलं लिहून ठेवा; एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी तेच सांगितलं की रकान्यात घ्या. ऑपरेटरला वगळू नका. तुम्ही रिजेक्शनच्या ढिगाजवळ उभं राहून माणसांशी कसं बोलता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आता कापणी. प्रत्येक रकान्यात चार, फार तर पाच ओळी ठेवा. संधी आणि धोक्यांना "घडण्याची शक्यता" आणि "घडलं तर परिणाम" असे १ ते ३ गुण देऊन गुणाकार करा, ४ च्या खालच्या ओळी काढा. हे गुण फक्त छाटणीसाठी आहेत. बलस्थानांची बेरीज १८, उणिवांची १२, म्हणजे आपण पुढे, असले हिशेब करू नका. त्यांना काही अर्थ नाही.

खरं काम इथून पुढे आहे. एका बाजूला संधी-धोके, दुसऱ्या बाजूला बलस्थानं-उणिवा मांडून प्रत्येक जोडी समोरासमोर आणा. बहुतेक घरं रिकामी राहतील, राहू द्या. तुमच्या कामात एक जोडी मात्र बघण्यासारखी आहे. विद्युत वाहनाची मोटार आणि इन्व्हर्टर बसतो ते हाऊसिंग बहुतेकदा ॲल्युमिनियम डायकास्टिंगचं असतं आणि त्याला मशीनिंग लागतं. तिथे क्वालिटीची डोकेदुखी काय? पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं), लीक टेस्ट, बेअरिंगच्या बोअरची मापं आणि समकेंद्रितता, भागाची स्वच्छता. इंजिनाच्या ऑइल गॅलरीसाठी, म्हणजे तेलाच्या वाटांसाठी, तुम्ही आज मिलिपोअर टेस्ट (भाग धुऊन निघालेली घाण गाळून तिचं वजन करणं) करत असाल, तर तीच दृष्टी तिथे हवी आहे. फक्त तिथे धातूचा बारीक कण तेलाची वाट अडवण्याऐवजी शॉर्टसर्किट करू शकतो, म्हणून एकूण वजनाइतकंच कणाचा आकार आणि प्रकार यांना महत्त्व येतं. आयएसओ १६२३२ हे मानक याच विषयाचं. म्हणजे तुम्हाला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकायला बसायची गरज नाही. प्रक्रिया ओळखीची ठेवून भाग बदलणं ही सगळ्यात स्वस्त उडी आहे.

बॅटरी पॅक हा याच्या पुढचा पल्ला. २०२२ मध्ये विद्युत दुचाकींना आगी लागल्यानंतर एआयएस १५६ या भारतीय वाहन मानकात बॅटरी सुरक्षेच्या वाढीव अटी आल्या आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. तिथे माग काढता येण्याला, म्हणजे कुठला सेल कुठल्या पॅकमध्ये गेला याच्या नोंदींना, फार महत्त्व आहे. ही शिस्त तुम्हाला येते, पण वेल्डिंग आणि सेलचं वर्तन येत नाही. म्हणून ही जोडी "संधी आहे, उणीव आड येते" या घरात जाते आणि दुसऱ्या वर्षासाठी ठेवायची.

धोका आणि उणीव जिथे भेटतात ते घर लोक पटकन उरकतात. तुमचं ते असं: कंपनीचं काम घटणं अधिक हप्ता अधिक ९० दिवसांची नोटीस. यावर उपाय करिअरचा नाही, पैशाचा आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात जमेपर्यंत नवं वाहन नाही, नवं कर्ज नाही. ही रक्कम हातात असली की नोटीस विकत घेऊन लवकर रुजू होणं आणि पगाराची बोलणी ताठ मानेने करणं, दोन्ही जमतं.

या जोड्यांमधून जास्तीत जास्त तीन कामं निवडा. त्याआधी वेळ मोजा. शिफ्ट, ओव्हरटाइम आणि चाकण चौकातली कोंडी वजा जाता आठवड्याला सहा तास निघत असतील, तर १२ आठवड्यांचे ७२ तास होतात. त्यात व्हीडीए ६.३ किंवा विद्युत वाहनांचा एखादा अल्पमुदतीचा कोर्स (पुण्यात एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्था ते घेतात) बसतो, शिवाय ग्राहकाचं नाव काढून तीन ८डी प्रकरणं एकेका पानात मांडणं बसतं. एमबीए बसत नाही. ते हवंच असेल तर वहीतल्या काड्या बघा. प्लांट हेडच्या पदाला असतील, तुमच्या पुढच्या पदाला क्वचितच सापडतील.

प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहा: शेवटची तारीख, आठवड्याचे तास, काम मार्गी लागल्याचं पहिलं चिन्ह, आणि कशावरून सोडून द्यायचं. उदाहरणार्थ, "हाऊसिंग करणाऱ्या कंपन्यांत १५ अर्ज, आठ आठवड्यांत तीन मुलाखती आल्या तर दिशा बरोबर, एकही नाही आली तर आधी बायोडेटा बदलायचा, मग पदाची पातळी." सोडायची खूण आधी लिहिली नाही तर माणूस भरलेल्या फीकडे बघत नको तो कोर्स पुरा करत बसतो.

दर तीन महिन्यांनी पाऊण तास काढून फक्त बाहेरची बाजू ताजी करा: नव्या आरएफक्यू, नव्या दहा जाहिराती. आतली बाजू सहा महिन्यांनी. पगारवाढीच्या पत्राच्या आठवड्यात किंवा साहेबांशी वाजलं त्या दिवशी कागदाला हात लावू नका, त्या दिवशी सगळे धोके ३ बाय ३ दिसतात. कागद ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका.

दोन्ही पर्याय शेवटपर्यंत सारखेच वाटले तर प्रत्येकासाठी वेगळा तक्ता करा. राहण्याच्या तक्त्यात "आठ वर्षांत शॉप फ्लोअरवर कमावलेला शब्द" हे मोठं बलस्थान ठरेल, जाण्याच्या तक्त्यात त्याची किंमत शून्य असेल, आणि तो फरक एका तक्त्यात कधीच दिसत नाही. तुम्हाला कुठलं काम आवडतं हे मात्र यातला कुठलाच तक्ता सांगणार नाही. ते आधी ठरवून अटींमध्ये लिहा.

मुलाखतीत "तुमचा स्वॉट सांगा" असं विचारलं तर हा कागद तिथे उघडायचा नाही. आकड्यासह दोन बलस्थानं, आणि सुधारणा सुरू असलेली एक खरी उणीव. हप्ता, नोटीसची चिंता, आत्ताच्या कंपनीला आलेल्या आरएफक्यू यातलं काही नाही.